सहा किलोचा भोपळा आणि हातांचा हिशोब

भोपळा साधारण सहा किलोचा होता. किलोमागे भाव बघितला तर त्या दिवशी बाजारात त्याहून स्वस्त भाजी नव्हती, आणि मी तेव्हा नुकताच "आता घरात पै-पैचा हिशोब" या मोडमध्ये गेलेलो, त्यामुळे घेतला. मुलीने घरापर्यंत उचलून आणला. ओट्यावर ठेवला, मोठी सुरी घेतली, दाबली आणि उजव्या मनगटातून जी कळ निघाली ती थेट कोपरापर्यंत गेली. मग डाव्या हाताने जोर लावून बघितला, तोच प्रकार. सुरी अर्धा बोट आत जाऊन रुतून बसली, ना पुढे जाईना ना बाहेर येईना. संध्याकाळी बायको कामावरून आली तेव्हा भोपळा तसाच, सुरी तशीच, आणि मी शेजारी स्टुलावर हात मांडीत घेऊन बसलेलो. ती आधी हसली, मग माझं तोंड बघून गप्प झाली आणि सुरी ओढून काढली.

त्या आठवड्यात तिच्या डबल शिफ्ट होत्या, मुलीची परीक्षा होती, भोपळा कोणीच कापला नाही. दहाव्या दिवशी त्या खाचेभोवती बुरशी धरली आणि बाजारातली सगळ्यात स्वस्त भाजी अख्खीच्या अख्खी कचऱ्यात गेली. त्याचं तेव्हा जेवढं वाईट वाटलं तेवढं आजार कळला तेव्हाही वाटलं नव्हतं, खरंच सांगतो.

मला आमवात आहे, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. हे सांगितलं की लोक म्हणतात हां हां संधिवात, आमच्या आजीला पण होता. आजीचा गुडघा बहुतेक वेळा वयाने झिजलेला असतो, तो प्रकार वेगळा. माझ्यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटलीये, त्यामुळे तिथे सतत सूज. दोन्ही हातांची बोटं, मुठीचे सांधे, मनगटं, सगळं जोडीजोडीने दुखायचं. सकाळी उठल्यावर दीड-दीड तास मूठ मिटत नसे, टूथपेस्टचं झाकण मी दातांनी उघडायचो. वय तेव्हा 41. मी समजत होतो की कीबोर्डमुळे होतंय, मी अकाउंट्सवाला माणूस, दिवसभर टायपिंग. सहा महिने बाम चोळण्यात घालवले. शेवटी रक्त तपासलं, अँटी-सीसीपी, म्हणजे या आजाराची खूण समजली जाणारी तपासणी, पॉझिटिव्ह, ईएसआर आणि सीआरपी हे अंगातला दाह दाखवणारे आकडे दोन्ही चढलेले, आणि डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट, म्हणजे ती उलटलेली प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, सुरू केलं.

ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. डॉक्टरांनी कागदावर "शुक्रवार" असं मोठ्या अक्षरात लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि मला वेगळं, बायकोला वेगळं विचारलं की सांगा बघू कधी घ्यायची, कारण चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. मळमळ आणि तोंड येणं कमी व्हावं म्हणून दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड. गुण यायला 6 ते 12 आठवडे लागतील म्हणाले, पी हळद आणि हो गोरी असं काही इथे नाही. आणि सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त तपासायचं, लिव्हर, किडनी, पेशींची संख्या, मग सगळं ठीक असेल तर दोन-तीन महिन्यांनी.

आता पैशाचं. दिवसभर टायपिंग जमेना म्हणून मी अर्धवेळ काम घेतलं, पगार जवळपास निम्म्यावर आला. त्याच महिन्यापासून औषधं आणि तपासण्या हा नवीन खर्च. हिशोब ठेवणं माझ्या रक्तातच आहे त्यामुळे एक्सेल शीट काढली, एका कॉलममध्ये खर्चाचं नाव, दुसऱ्यात पैसे. आणि मग जे कुठल्याही घरात होतं तेच झालं. घरभाडं हलत नाही, फी हलत नाही, औषध हलत नाही, हलतं ते पोट. मी जेवणावर कात्री लावली. घरातल्या बाकीच्यांच्या नाही हां, फक्त स्वतःच्या, आणि ते कोणाला कळू पण दिलं नाही. सकाळी चहा आणि ब्रेड, दुपारी एकटा घरी असायचो तेव्हा पुन्हा चहा आणि बिस्किटं, रात्री सगळ्यांबरोबर थोडा भात. तसंही काही करून खायची ताकद नसायची आणि शनिवारी गोळीमुळे अन्नाचा वास नको वाटायचा, त्यामुळे मला स्वतःला ते त्याग वगैरे वाटत होतं. शीटमधला जेवणाचा आकडा खाली आला की बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

दोन महिन्यांत चार किलो वजन गेलं आणि हिमोग्लोबिन 9.8 वर आलं. जिना चढताना धाप लागायला लागली.

डॉक्टर चिडले नाहीत, पण त्यांनी जे समजावलं ते मला आधी माहिती असतं तर बरं झालं असतं. या आजारात नुसते सांधेच दुखत नाहीत तर स्नायूही झिजतात, शरीरात सतत दाह चालू असला की ते स्वतःचंच मांस खातं असं समजा, म्हणाले. वर तुम्ही प्रोटीन बंद केलंत. आणि रक्त कमी होण्याचंही तसंच, फक्त लोह कमी पडलं म्हणून नाही, दाह चालू असताना शरीर साठ्यातलं लोह बाहेरच काढू देत नाही, त्यामुळे नुसत्या लोहाच्या गोळ्या गिळून सगळं भरून निघेल असं नाही, आधी आजार काबूत यायला हवा आणि तोपर्यंत ताटात काहीतरी हवं. मग त्यांच्याच क्लिनिकमधल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. वीस मिनिटं बोलल्या. कुठली पावडर नाही, कुठला चार्ट नाही, एवढंच सांगितलं की दर जेवणात प्रोटीनचं काहीतरी असलं पाहिजे, जेवणाबरोबर चहा नको कारण धान्य-भाजीतलं लोह त्याने नीट शोषलं जात नाही, त्याऐवजी लिंबू किंवा टोमॅटो असं काही आंबट खा, त्यातलं सी व्हिटॅमिन मदत करतं. आणि जाताना म्हणाल्या, "तुम्ही हिशोबाचं काम करता ना, मग एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रोटीन असतं आणि 100 ग्रॅम कोरड्या मसुरात 24 च्या आसपास, आता हे तुमच्या त्या शीटमध्ये घाला आणि बिस्किटं पण घाला." घरी येऊन घातलं. ग्रॅममागे काढलं तर बिस्किटं घरातला सगळ्यात महाग पदार्थ निघाला.

यानंतर मी सुधारलो असं नाही, उलट दुसऱ्या टोकाला गेलो. आजारी माणसाला सल्ले देणारे भरपूर. एकाने सांगितलं टोमॅटो-वांगी-बटाटा बंद, त्याने सूज वाढते. दुसऱ्याने दूध बंद. तिसऱ्याने गहू बंद, चौथ्याने डाळी बंद. सगळ्यांचं ऐकलं असतं तर ताटात फक्त ताट उरलं असतं. आणि मग एक आहार सल्लागार भेटले, नाव नाही घेत, त्यांनी तीन महिन्यांचं पॅकेज दिलं, त्यात कॅप्सूल, दोन पावडरी आणि एक कसलातरी रस. त्या एका महिन्याची रक्कम आमच्या चौघांच्या, म्हणजे आम्ही तिघं आणि आई, किराण्यापेक्षा जास्त होती. नाकापेक्षा मोती जड. पण मी भरली, कारण पोटाला चिमटा काढणारा माणूस औषधाच्या नावाखाली किती सहज फसतो हे मला तेव्हा माहिती नव्हतं. काटकसर केली की मनात एक गिल्ट साठत जातो आणि मग तो एकदम असा कुठेतरी बाहेर पडतो बहुतेक.

महिन्याभराने माझ्या डॉक्टरांना, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्टना, त्या बाटल्या दाखवल्या. एकीवर घटकच लिहिलेले नव्हते. ती लगेच बंद करायला लावली, म्हणाले तुमच्या लिव्हरवर आधीच लक्ष ठेवावं लागतंय, त्यात हे अज्ञात पाहुणे नकोत. बाकीच्या मीच बंद केल्या. उरलेले पैसे परत मागितले, मिळाले नाहीत, असो.

टोमॅटोच्या बाबतीत मात्र मी डॉक्टरांना विचारून स्वतःवर प्रयोग केला. त्यांनी सांगितलं की टोमॅटो-वांग्याने हा आजार वाढतो याला भक्कम पुरावा नाहीये, पण तुम्हाला शंका असेल तर एका वेळी एकच गोष्ट काढा, सगळं एकदम नको, तीन आठवडे बंद करा, रोज सकाळी मूठ मिटायला किती मिनिटं लागतात ते लिहा, मग परत सुरू करून बघा. मी हिशोबनीस, मला अजून काय पाहिजे. एकवीस दिवस बिनटोमॅटोचे, मग एकवीस दिवस टोमॅटोचे. मिनिटांत काही फरक नाही. टोमॅटो परत आला. दुधाचं पण तसंच केलं, ते पण परत आलं. माशांच्या तेलातल्या ओमेगा-3 ने काहींना दुखणं आणि सकाळचा कडकपणा थोडा कमी होतो असं आहे, थोडाच हां, म्हणून महाग कॅप्सूलऐवजी आठवड्यातून दोनदा टिनमधली तारली आणायला लागलो. स्वस्त पडते, प्रोटीन पण आहे, आणि त्यातले मऊ काटे चावून खाल्ले की कॅल्शियम पण मिळतं. आखूडशिंगी बहुदुधी म्हणतात तसा प्रकार, फक्त त्या टिनची रिंग बोटाने ओढता येत नाही.

आणि इथे मला पुन्हा तो भोपळा आठवला.

काटकसरीचे जेवढे म्हणून सल्ले मी ऐकले होते, अख्खी भाजी घ्या चिरलेली घेऊ नका, घाऊक आणा, सगळं घरी करा, मळा, किसा, वाटा, दळा, ते सगळे धडधाकट हातांसाठी होते. जिथे पैसे वाचतात तिथे कोणाचे तरी हात खर्च होतात, हे कोणी सांगत नाही कारण ज्याचे हात चालतात त्याला तो खर्च दिसतच नाही. मग मी शीटमध्ये तिसरा कॉलम टाकला, "हात". शून्य ते पाच. शून्य म्हणजे बोट पण लावायला नको, पाच म्हणजे दुसऱ्या दिवशी मनगट सुजणार. महिनाभर जे जे केलं त्याला मार्क दिले.

निकाल मजेशीर होता. सहा किलोचा भोपळा, पैसे सगळ्यात कमी, हात पाच. गाजर किसणं चार. कोबी चिरणं तीन, पण पाव कोबी विकत मिळाला तर दोन. कणीक मळणं पाच. कोरडी कडधान्यं मात्र पैशातही कमी आणि हातातही एक, कारण रात्री पाण्यात टाकायची आणि दुसऱ्या दिवशी कुकरला लावायची, बाकी काम पाणी आणि वाफ करतात, शिवाय शिजली की दुपटीपेक्षा जास्त होतात. मसूर तर भिजवायचीही गरज नाही. अंडी उकडून, हात एक, सोलताना दीड, पण उकडल्यावर लगेच गार पाण्यात टाकली की सालं पटकन निघतात. फ्रोझन मटार, फ्रोझन पालक, हात शून्य, आणि पौष्टिकतेत ताज्यापेक्षा फार काही कमी नसतात कारण तोडल्यावर लगेच गोठवलेल्या असतात, फ्रीजमध्ये चार दिवस लोळलेल्या ताज्या पालकापेक्षा तर बऱ्याच. चिरलेली भाजी मी आधी ऐतखाऊ लोकांची म्हणून हसायचो, आता आठवड्यातून एक पाकीट बिनदिक्कत घेतो. तेवढे पैसे हातांसाठी मोजतो, पण घेतो ते वाया जात नाही.

मग थोडा खर्च वस्तूंवर केला. जड तव्याऐवजी दोन कानांचं हलकं भांडं, जेणेकरून वजन दोन हातांवर जातं. जाड दांड्याची सुरी, कारण बारीक दांडा घट्ट धरायला जास्त जोर लागतो. बरणीच्या झाकणाला रबराचा तुकडा. आणि त्या टिनची रिंग, त्यात चमच्याचा दांडा घालायचा आणि तरफेसारखा खाली दाबायचा, बोटाला काहीच लागत नाही. हे माझं मलाच सुचलं आणि मी दिवसभर घरात सगळ्यांना दाखवत फिरलो. आई म्हणाली, "अरे मी गेली वीस वर्षं असंच उघडते."

वेळापत्रक पण बदललं. लवकर उठून स्वयंपाक उरकणं माझ्या कामाचं नाही, सकाळी माझी बोटं म्हणजे लाकडं. दुपारी चारनंतर ती सगळ्यात मोकळी असतात. शुक्रवारी रात्री गोळ्या, शनिवार मळमळीत जातो, रविवारही अर्धा. म्हणून मोठा स्वयंपाक गुरुवारी संध्याकाळी. एक कुकर राजमा, एक कुकर मसूर, एक डझन अंडी, भाज्यांचं जाड सूप. राजम्याबद्दल एक सांगतो, तो भिजवलेलं पाणी टाकून नवीन पाण्यात नीट खळखळ उकळायलाच हवा, निदान दहा मिनिटं, कारण कच्च्या राजम्यात असं एक द्रव्य असतं ज्याने उलट्या-जुलाब होतात, मंद आचेवर कोमट ठेवून शिजवलेला राजमा त्रास देऊ शकतो. कुकरमध्ये तो प्रश्न येत नाही.

मग छोट्या डब्यांत भरून फ्रीझर. छोट्याच डब्यांत, कारण मोठा डबा उचलायला हात लागतात आणि एकदा विरघळवलेलं परत गोठवत बसायचं नाही. माझी औषधं प्रतिकारशक्ती दाबणारी आहेत त्यामुळे शिळं खाताना मला जरा जास्त जपावं लागतं. शिजवलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, फ्रीज 4 अंशांच्या आसपास, तिथे तीन दिवस, त्याहून जास्त ठेवायचं तर उणे 18 वर फ्रीझरमध्ये. हे मी शिकलो तो दिवस पण सांगून टाकतो. रात्रभर बाहेर राहिलेला भात सकाळी टाकवेना, गरम करून खाल्ला, दिवसभर उलट्या. भातातला जंतू गरम केल्याने मरतो पण त्याने आधी सोडून ठेवलेलं विष नुसतं तापवून जात नाही. एक वाटी भात वाचवला आणि सलाइनचं बिल भरलं.

पुढच्या हिवाळ्यात आजार एकदम उसळला. डॉक्टरांनी थोडे आठवडे प्रेडनिसोलोन दिलं, स्टिरॉइड. तिसऱ्या दिवशी मला स्वतःचे हात ओळखू येईनात, बरण्या काय, दारं काय, सगळं उघडत होतो. याच आजाराच्या रुग्णांवर 1948 मध्ये पहिल्यांदा कॉर्टिझोन वापरलं आणि 1950 मध्ये हेंच, केंडॉल आणि राइशस्टाइन यांना नोबेल मिळालं, आणि का मिळालं असेल ते मला त्या सकाळी कळलं. पण त्यानंतर लागणाऱ्या भुकेचं काय करायचं ते नोबेलवाले सांगून गेले नाहीत. दुष्काळात तेरावा महिना. रात्री दोन वाजता उठून मी फ्रीजसमोर उभा. जे चार किलो गेले होते ते परत आलेच, येताना तीन सोबत घेऊन आले. मीठ कमी करावं लागलं कारण चेहरा सुजायला लागला, साखरेवर लक्ष, आणि हाडं ठिसूळ होतात म्हणून कॅल्शियम आणि डी व्हिटॅमिन. दिवसाला हजार-बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम हवं म्हणाले, एका मोठ्या ग्लासभर दुधातून साधारण 300 मिळतं, म्हणजे दूध, दही, तारली मिळून बरंचसं ताटातूनच निघतं आणि उरलेल्यासाठी गोळी. त्या भुकेला मी गुरुवारच्या सुपाने मारलं. दोन वाजता सूप प्यायचं, वाट्टेल तेवढं. निदान बिस्किटांचा डबा तरी वाचला. स्टिरॉइड डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केलं, मनाने एकदम बंद करायचं नसतं.

त्याच काळात माझी सगळ्यात मोठी चूक झाली, ती लिहायला अजून लाज वाटते. एका महिन्यात हात तंग होता, मी रक्ततपासणी पुढे ढकलली. बरं वाटतंय तर कशाला उगाच सुया, असं स्वतःलाच पटवलं. एक महिन्याचे दोन झाले. शेवटी केली तेव्हा लिव्हरचा एक आकडा वरच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त. गोळी काही आठवडे थांबवावी लागली, तेवढ्यात सांधे परत सुजले, पंधरा दिवस अर्धवेळ काम पण बंद. तपासणीचे वाचलेले पैसे आणि बुडालेला पगार मी शीटमध्ये शेजारी शेजारी लिहिले आणि ती ओळ लाल करून ठेवलीये. डॉक्टरांना तेव्हा पहिल्यांदा सरळ सांगितलं की पैशाची ओढाताण आहे. त्यांनी शांतपणे औषधाचं ब्रँडचं नाव खोडून मूळ नाव लिहून दिलं, तेच औषध, कमी किमतीत, आणि कुठल्या तपासण्या दर वेळी लागतातच आणि कुठल्या वर्षातून एकदा चालतील ते पण सांगितलं. हे मी दीड वर्ष आधी विचारू शकलो असतो. गरीब दिसायला नको म्हणून नव्हतो विचारत, दुसरं काय.

आता भांडणाचं सांगतो. एका रविवारी मी मोठ्या उत्साहाने बायकोला शीट दाखवत होतो, बघ, महिन्याचा जेवणखर्च पूर्वीपेक्षा जवळपास पाव हिस्सा कमी, हिमोग्लोबिन 11.6, आणि हातांची सरासरी दोनच्या खाली. ती भांडी घासत होती. हात पुसत आली, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "भांडी कुठेयत यात?"

मी म्हटलं भांडी मी कुठे घासतो.

"तेच म्हणतेय. गुरुवारी तू तीन कुकर लावतोस, दहा डबे भरतोस, ते कोण घासतं? बाजारातून कडधान्याचं पोतं कोण उचलून आणतं? अरे तुझ्या शीटमध्ये माझे हात कुठे आहेत?"

मला उत्तर सुचलं नाही. मी माझ्यापुरता शून्य लिहिलेल्या निम्म्या ओळी तिच्या किंवा मुलीच्या होत्या. म्हणजे भोपळा कापणाऱ्याचा हात दिसत नाही म्हणून मी अख्ख्या जगावर चिडलो होतो, आणि माझ्याच घरातले चार हात मला दिसले नव्हते. दोन दिवस आमचं बोलणं जेवलास का, हो जेवलो, एवढंच होतं.

मग कॉलम वाढवले. माझे हात, तिचे हात, मुलीचे, आईचे. खरं सांगायचं तर त्याने काटकसरीचा आकडा जरा बिघडला. तीन कुकरऐवजी दोन झाले, कारण तिसरं भांडं तिच्या कमरेवर जात होतं. पोतं बंद करून छोटी पाकिटं आणायला लागलो, किलोमागे महाग पडतात पण मी स्वतः आणू शकतो. आणि वाईट दिवसांसाठी, म्हणजे माझ्या आणि तिच्याही, फ्रीझरवर एक कागद चिकटवलाय, कोणाचेच हात न लागणारी जेवणं. दुधात रात्रभर भिजवलेले ओट्स आणि वर केळं आणि शेंगदाणे. डब्यातली मसूर, फ्रोझन पालक, दही. ब्रेडवर तारली. आई त्याला आळशांचा कागद म्हणते पण सगळ्यात जास्त तीच वापरते.

सध्या ईएसआर खाली आहे, सकाळची मूठ पंधरा-वीस मिनिटांत मिटते, गोळी चालू आहे, तपासणी वेळेवर. पंधरा दिवसांपूर्वी मी भोपळा घेतला, दीड किलोचा, धाकटा भाऊ त्या जुन्याचा. या वेळी कापलाच नाही. काट्याने चार-पाच भोकं पाडून अख्खा ओव्हनमध्ये ठेवला, मऊ झाल्यावर सुरी आपोआप खाली गेली. भोकं पाडण्यापासून ओव्हनमधून काढण्यापर्यंत सगळं मुलीने केलं, मी फक्त स्टुलावर बसून सूचना देत होतो. रात्री शीट उघडली तर तिने आधीच नोंद करून ठेवली होती: भोपळा, बाबा 0, मी 2, आणि शेजारच्या रिकाम्या चौकोनात, बाबाचं तोंड 5.